ऊसतोड मजुरांवरचा अभ्यास आणि त्यातला मी

सप्टेंबर संपायच्या आत आपल्याकडच्या सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा उरकतात. आमच्या कारखान्याचं अहवालाचं पुस्तकही परवा घरी आलं. गुळगुळीत कागद, आत फोटो. गाळप किती, उतारा किती, डिस्टिलरी, वीजनिर्मिती, कर्ज, सगळं आकड्यांत. तोडणी-वाहतुकीवर किती कोटी गेले तोही आकडा आहे. पण तो ऊस तोडायला माणसं किती आली होती, हे मी तीनदा पानं उलटून शोधलं. नाही सापडलं. त्यावरून हे लिहायला बसलोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

कोविडनंतरच्या एका हंगामात युरोपातल्या एका विद्यापीठातली एक मुलगी आपल्या भागात आली होती. पीएचडी करत होती. विषय: हंगामी स्थलांतर आणि विकास. तिला ऊसतोड कामगारांशी बोलायचं होतं आणि मराठी येत नव्हतं. मी ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवतो, सणसरच्या अलीकडं कालव्यावर तीन एकर ऊस आहे. ओळखीतल्या एकानं माझं नाव सुचवलं. मी म्हटलं, चांगलं काम आहे, पैसे कशाला घ्यायचे. अकरा संध्याकाळी तिच्याबरोबर कोप्यांवर गेलो. नंतर विद्यापीठाकडून एक सर्टिफिकेट आलं, त्यावर माझं नाव आणि खाली ‘स्वयंसेवक’. बायकोनं फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. अजून आहे.

संध्याकाळी म्हणजे सात-साडेसातनंतर. त्याआधी ते लोक भेटतच नाहीत. पहाटे चारला उठायचं, भाकरी थापायच्या, उजाडायला फडात. पुरुष कोयत्यानं तोडतो, बाई वाढं छाटते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. गाडी भरली की सुटका. ती रात्री दहाला लागली तर रात्री दहाला भरायची. अशा माणसांना आम्ही चुलीपुढं बसवून बत्तीस प्रश्न विचारत होतो. आधी संमतीपत्र वाचून दाखवायचं, मग सही किंवा अंगठा. संमतीपत्रात लिहिलं होतं की तुम्ही कधीही उत्तर द्यायचं थांबवू शकता. मी भाषांतर केलं तेव्हा एक म्हातारा हसला. म्हणाला, “थांबवून जायचं कुठं, ही आमचीच कोपी हाय.”

एक प्रश्न मला चांगला आठवतो. इंग्रजीत तो भारी वाटत होता, स्वतःच्या जगण्यातलं समाधान तुम्ही कसं अनुभवता, अशा अर्थाचा. मी मराठीत आणता आणता घामाघूम झालो. शेवटी विचारलं, “तुम्हाला बरं कधी वाटतं?” पाटोद्याकडची एक बाई म्हणाली, “झोप लागली की.” मुलीनं ते लिहून घेतलं. मग त्या बाईनं उलटा प्रश्न केला: “ताई, हे लिवून घेतल्यावर आमची उचल वाढंल का?” मी भाषांतर केलं. मुलगी प्रामाणिक होती, नाही म्हणाली. “मग कुणाचं काय वाढंल?” ह्याचं मी भाषांतर केलं नाही. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

ज्यांना ह्या धंद्याची रीत माहीत नाही (बारामती शहरात राहणाऱ्या आपल्या पोरांपैकी बऱ्याच जणांना नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीड, नगर, जालना, परभणीकडची कुटुंबं पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच नावावर. बाई अर्ध्याहून जास्त काम करते आणि कागदावर तिचं नाव कुठंच नसतं. दिवाळीनंतर टोळी येते, पट्टा पडेपर्यंत राहते. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ केली, तेव्हा कुठं टनाचा दर साडेतीनशेच्या पुढं गेला. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. करा हिशेब. दोघांच्या बारा-चौदा तासांचे साडेपाचशे ते सातशे रुपये, तेही उचलीतून वळते होणार. एखादा दिवस आजारपणात गेला तर खाडा. बाळंतपणाचाही खाडाच.

ह्या खाड्याच्या भीतीचं टोक २०१९ मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. बीड जिल्ह्यात गर्भपिशवी काढलेल्या बायकांची संख्या बाहेर आली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हेच प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास होतं. त्यानंतर अभ्यासांचा पूर आला. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी आधीपासून काम केलेलं होतंच. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टनं मोठा वृत्तान्त छापला, त्यात महाराष्ट्राची साखर घेणाऱ्या कोक-पेप्सीसारख्या कंपन्यांची नावं आली, तेव्हा अमेरिकेत चर्चा झाली. आपल्या तालुक्यात झाली का? मला तरी कुठल्या चहाच्या टपरीवर ऐकू आली नाही. साखर इथली, ऊस इथला, पण वाचणारे तिकडचे.

हे काही आजचं नाही. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकानं दक्षिण गुजरातमध्ये वर्षानुवर्षं मजुरांमध्ये फिरून काम केलं. बारडोलीच्या कारखान्याचा ऊस तोडायला आपल्या खानदेशातली माणसं कशी नेली जातात, हे त्यानं सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिहून ठेवलं. कोपरगाव भागातल्या साखर कारखानदारीवर बा. शं. बाविस्करांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस आणि सहकारावर १९९२ मध्ये ‘रेझिंग केन’ लिहिलं. सहकार इथं का रुजला, बारका शेतकरी त्यात कसा टिकला, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं उमगलं होतं. इंग्रजी येणाऱ्यांनी जरूर वाचावं. पण आपल्या घरातल्या किती जणांना ही नावं माहीत आहेत? आपल्यावर पुस्तकं झाली आणि आपण ती पाहिलीसुद्धा नाहीत. मग पाटोद्याच्या बाईची काय कथा.

आता माझी गोष्ट.

ती मुलगी गेली, मेल यायचे, मग कमी झाले. दोनेक वर्षांनी सहज शोधलं तर तिचा एक लेख दिसला. उघडायला गेलो तर पैसे मागत होता, डॉलरमध्ये. मला राग आला. आमच्या चुलीपुढं बसून गोळा केलेलं आणि आम्हालाच विकत! मी तिला जरा तिखट मेल टाकला. तिनं दुसऱ्या दिवशी लेख आणि अख्खा प्रबंध पाठवला, माफीही मागितली. म्हणाली, मराठीत सारांश करायचा ठरलं होतं, अनुदान संपलं.

प्रबंध रात्री वाचायला घेतला. तिसऱ्या प्रकरणात अभ्यासाची पद्धत सांगितलेली असते. तिथं एक परिच्छेद दुभाषावर होता. त्यात असं होतं, की दुभाषा स्वतः स्थानिक ऊस उत्पादक आणि जमीनमालक होता. खुशाली आणि बिनपैशाची कामं ह्या दोन विषयांवर त्याच्यासमोर मिळालेली उत्तरं सावध होती. एका संध्याकाळी तो आला नव्हता, दुसरी दुभाषी होती, तेव्हा त्याच लोकांनी वेगळी उत्तरं दिली.

त्या संध्याकाळी मी चुलतभावाच्या लग्नाला गेलो होतो. माझ्याऐवजी एक नर्स ताई गेल्या होत्या.

मी पान पुढं उलटलं नाही बराच वेळ. कारण मला ती उत्तरं आठवत होती. “मालक लोक चांगले हायेत. काय तरास न्हाई.” मी ते अभिमानानं भाषांतर करून सांगितलं होतं. आणि त्याच हंगामात माझ्या फडातली तोड झाली तेव्हा आमच्या दोन म्हशींना पंधरा दिवस पुरेल इतकं वाढं मी त्यांच्याकडून गोठ्यापर्यंत टाकून घेतलं होतं. फुकट. वाढं विकून त्यांचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो, हे मला माहीत होतं. बांधावरचं पाचटही ओढून घेतलं. सगळेच घेतात, म्हणून मीही. त्याला मी काम समजतच नव्हतो. प्रबंधात त्यासाठी रकाना होता: विनामोबदला श्रम. त्याखाली लहान पोरीही होत्या. आई-बाप फडात असताना धाकट्याला सांभाळणारी, पाणी भरणारी, नऊ-दहा वर्षांची. सर्टिफिकेट मला मिळालं, अकरा संध्याकाळी बोललो म्हणून.

शेतकऱ्यांची बाजू मला माहीत नाही असं समजू नका. मीही शेतकरीच आहे. खुशालीचा त्रास खरा आहे. उसाला तुरा आलाय, वजन घटतंय, चिटबॉय रोज उद्या म्हणतोय, आणि टोळी बांधावर येऊन एकरी पाच हजार मागते. मी दिलेत. ट्रॅक्टरवाल्याला वेगळी एंट्री दिली. तेव्हा शिव्याही घातल्या. पण प्रबंधात ह्याचा जो अर्थ लावला होता तो मला पटला. तोडणीचा दर वर्षानुवर्षं दाबून ठेवला, की तो फरक मागच्या दारानं, खुशालीच्या नावानं वसूल होतो. मग शेतकरी आणि मजूर बांधावर भांडतात, ज्यांनी दर ठरवला ते तिथं नसतात.

आणि पैसे तरी कुणाचे? एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा करूनच आपल्याला बिल मिळतं. म्हणजे मजुरी आपल्या खिशातून जाते. तरी शेतकरी म्हणतो मजूर कारखान्याचा, कारखाना म्हणतो वाहतूकदाराचा, वाहतूकदार म्हणतो मुकादमाचा. मुकादम म्हणतो, माझे उचलीचे पैसे अडकलेत, मीच मजुरांचा. १९७९ मध्ये स्थलांतरित मजुरांसाठी कायदा झाला, पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. बीडहून बारामतीला आलेला माणूस त्यात बसत नव्हता. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागं दहा रुपये घ्यायचं ठरलं, ग्रामसेवकांनी ओळखपत्रं द्यायची असं निघालं. चांगलंच आहे. पण ही सगळी व्यवस्था त्यांच्या गावाकडं आहे, आणि वर्षातले पाच-सहा महिने ते आपल्या गावात असतात. इथल्या ग्रामपंचायतीच्या कुठल्याच वहीत त्यांची नोंद नसते. मी जे अभ्यास वाचले त्यांतले बहुतेकही बीडमध्ये जाऊन केलेले. फडातलं, तळावरचं फार कमी.

माझी आजी बारामतीच्या जिरायत पट्ट्यातली. कालवा १८८५ च्या सुमाराचा, पण पाणी खालच्या अंगाला. वरच्या गावांना पाऊस पडला तर पडला. साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या तालुक्यात पाझर तलावांची कामं निघाली, कामाच्या बदल्यात धान्य. तो गहू आणि तेल कुठून यायचं? चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल अ‍ॅक्शन, म्हणजे ‘कासा’, ह्या संस्थेमार्फत, परदेशातल्या चर्चच्या मदतीतून. तांदुळवाडीचा तलाव सुरुवातीच्या कामांतला. त्यातूनच पुढं १९७१ मध्ये अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला, अप्पासाहेब पवारांनी तो वाढवला. आजी पाटीनं माती टाकायची आणि संध्याकाळी गहू आणायची. मग ७२ आला, मिलो आला, सुकडी आली, रोजगार हमी आली. आजी सांगायची की तिच्या माहेरची अर्धी भावकी पुण्या-मुंबईकडं गेली, पण ती गेली नाही, कारण दारात काम होतं.

आंतरराष्ट्रीय विकास वगैरे शब्द कानावर आले की मला आजीची ती पाटी आठवते. कुठल्या तरी देशातल्या माणसांनी, ज्यांना बारामती नकाशावर दाखवता आली नसती, वर्गणी काढून गहू पाठवला आणि माझ्या आजीला गाव सोडावं लागलं नाही. त्यांनी आपल्याला सर्टिफिकेट मागितलं नाही, आपण त्यांना पाहिलंही नाही. आज आपण मदत घेणाऱ्या बाजूला नाही. कालवा आहे, कारखाने आहेत, एमआयडीसी आहे, मेडिकल कॉलेज आहे. त्याच ट्रस्टच्या शेतात मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं एआयचा ऊस उभा आहे. २०२५ च्या सुरुवातीला सत्या नाडेलांनी बारामतीच्या शेतकऱ्यांबद्दल सांगितलं आणि आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. मीही ठेवला. उपग्रहावरून कळतं की कुठल्या सरीला पाणी कमी आहे. पण दोन किलोमीटरवरच्या तळावर शंभर कोप्यांना प्यायचं पाणी कुठून येतं आणि बायका अंधार पडायची वाट का बघतात, ह्यासाठी उपग्रह लागत नाही. सायकलवर जाऊन बघता येतं.

मी हे बोलायला लागलो की दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, बीडच्या लोकांचं बीडच्या पुढाऱ्यांनी बघावं. बघावंच, त्यांनाही सोडू नये. पण आपलं पोर उद्या जर्मनीला नर्सिंगला गेलं किंवा दुबईला वेल्डर म्हणून गेलं, आणि तिथला मालक म्हणाला की ह्याचं काय ते बारामतीकरांनी बघावं, तर आपण काय म्हणू? दुसरं उत्तर, हार्वेस्टर येतायत, पाच वर्षांत प्रश्नच मिटेल. हार्वेस्टरला चार-पाच फुटांची सरी लागते, सलग मोठं क्षेत्र लागतं. माझ्या तीन एकरांचे दोन तुकडे, मधून पाट, एका कडेला विजेचे खांब. कोयता इतक्यात जात नाही. आणि गेलाच, तर पाटोद्याची ती बाई जाणार कुठं, हा प्रश्न मिटल्यात धरायचा का?

तिसरं उत्तर कौतुकाचं असतं: सर, आपण ब्लँकेट वाटू. गेल्या हिवाळ्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपनी एकाच तळावर ब्लँकेट वाटली. बॅनर, फोटो, बातमी. एका पोरानं तीन मिळाली म्हणून एक विकलं, तर त्याच्यावर चर्चा. एनएसएसची आमचीच मुलं आठ दिवस शिकवायला गेली, गाणी घेतली, खाऊ दिला, परीक्षा आली, परतली. मुलांचा हेतू वाईट नाही, मी स्वतः त्यांना घेऊन गेलो होतो. पण नवव्या दिवशी तिथली दोन पोरं शाळेच्या गेटपर्यंत चालत आली, सर कधी येणार विचारायला. साखरशाळा चालवणाऱ्या ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी फार आधी दाखवून दिलंय की हे काम हंगामभर, रोज, पगारी माणूस नेमून करायचं असतं. त्याला आठ दिवसांचा उत्साह पुरत नाही.

म्हणून ह्या वर्षी मी सभासद म्हणून सभेत विषय मांडायचं ठरवलंय. मागणी साधी आहे. कारखान्याच्या अहवालात एक पान तोडणाऱ्यांचं असावं. ह्या हंगामात किती पुरुष, किती बायका, सहा वर्षांखालची किती लेकरं आली, कुठल्या तालुक्यांतून. किती बाळंतपणं झाली, किती जण जखमी झाले, कुणी दगावलं का. बाईचं नाव वेगळं लिहा, कोयत्यात मिसळू नका. ही नोंद टोळी उतरली की आठवड्यात व्हावी, म्हणजे अंगणवाडी आणि आरोग्य केंद्राला यादी देता येईल, रेशनच्या पोर्टेबिलिटीचं धान्य इथल्या दुकानात मिळतंय का तेही विचारता येईल. तळावर पाणी आणि संडास बॉयलर पेटायच्या आधी. आणि आपल्या कार्यक्षेत्रात कुणी अभ्यास करायला आलं, देशातलं असो की परदेशातलं, तर त्याचा दोन पानांचा मराठी सारांश कारखान्याकडं आणि मजुरांच्या गावी पोचवायचा, ही अट घालावी. त्या मुलीच्या प्रबंधाचा सारांश मीच करतोय. तिसऱ्या प्रकरणातला तो परिच्छेद गाळलेला नाही.

विषय लेखी द्यायला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, चहा दिला, अर्ज वाचला. म्हणाले, “सर, हे आपल्या अधिकारात येत नाही. मजूर आपला नसतो.” पोच मात्र दिली. अर्जावर माझ्यासह सात सह्या आहेत, वाढल्या तर बरं. सभासद असाल आणि सही करायची असेल तर शनिवारी संध्याकाळी सहानंतर सणसरच्या स्टँडवर आहे, अर्जाची प्रत आणि सारांशाचं झेरॉक्स बरोबर आणतो.

त्या बाईचा नंबर माझ्याकडं होता. दसऱ्याच्या आधी मुकादम ठरतात म्हणून परवा फोन लावला. तिला अभ्यासाचं सांगितलं, की तुम्ही बोललेलं छापून आलंय, मराठीत करतोय. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते ऱ्हाऊ द्या सर. औंदा तुमच्याकडं पाण्याची टाकी बसवली का तेवढं सांगा. न्हाईतर आमी दुसरीकडं उचल घ्यावं म्हणतो.”

तिला मंगळवारपर्यंत कळवतो म्हणालोय.